आपलं काय जातं?

लोकशाही खड्ड्यात गेली तर आपलं काय जातं? हा सवाल हल्ली आपल्या वस्तीतली पोरं करतात. शिकलेली करतात, बेकार करतात. आमच्या धक्क्यावर पोलादाच्या कॉइली उतरवणारी ठेक्यावरची टोळीपण करते. आज्याने मतं टाकली, बापाने टाकली, गटाराच्या कडेची खोली काही सुटली नाही. कोर्टात तारखा, कचेरीत हेलपाटे, चौकीत आईबहिणीवरून शिव्या. मग पाहिजे कशाला हे लोढणं? त्यापेक्षा कुणीतरी एक खमक्या बसवा. विरोधी पक्षवाला नको, पेपरवाला नको, जज्ज नको. हातात हंटर असलेला एकच माणूस, गरिबाचं नाव घेणारा. तो करील सगळ्यांना सरळ.

दोस्तांनो, हा सवाल खोटा नाही. ज्याला लोकशाहीतलं काहीच मिळालं नाही, त्याने तिच्यासाठी का रडावं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच. पण हा सवाल नवा नाही. १९७५ साली आपल्या बापजाद्यांनी हाच सवाल केला होता आणि त्याचं उत्तर त्यांच्या पाठीवर उमटलं. ते उत्तर आपल्याला कुणी शिकवलं नाही. मी दहावीपर्यंत शिकलो, माझ्या पुस्तकात आणीबाणी दोनचार ओळीत आटपली होती. पांढरपेशांच्या घरी मात्र आणीबाणीची कपाटं भरलीत. कुणी येरवड्यात होता, कुणी नाशकात, कुणी जेलमध्ये कविता केल्या, कुणी दाढी वाढवून भूमिगत झाला. त्या आठवणी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण झोपडपट्टीची आणीबाणी कुठं आहे? ती आपणच लिहून ठेवली नाही. लिहायला बसलो असतो तर त्यात आपल्याच काही मोठ्या माणसांची नावं चुकीच्या बाजूला लिहावी लागली असती.

मी ज्या गोदीत राबतो तिचं नाव इंदिरा डॉक. आधी ती अलेक्झांड्रा होती, इंग्रजांच्या राणीच्या नावाची. एक राणी उतरवली, दुसरी चढवली. तर या दुसऱ्या राणीचीच गोष्ट सांगायची आहे.

इंदिरा गांधींनी लोकशाही एका रात्रीत गिळली असं सांगतात. साफ खोटं. रात्र शेवटची होती, ताट आधीच वाढलेलं होतं. १९६९ साली चौदा बँका सरकारी केल्या. पक्षातल्या म्हाताऱ्या धेंडांना बाजूला सारलं आणि थेट जनतेकडे गेल्या. ते म्हणतात मला हटवा, मी म्हणते गरिबी हटवा, ही १९७१ची त्यांची हाळी. काय चुकीचं होतं त्यात? बँका शेठजींच्याच होत्या, धेंडं खरोखरच सडलेली होती. लोकांनी ३५२ खासदार निवडून दिले. लोकांच्या नावावर राज्य करणाऱ्याची सगळी कला यातच आहे. तो ज्यांना शिव्या देतो ते खरोखरच शिव्या खाण्याच्या लायकीचे असतात. आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवताना एक गोष्ट ध्यानात येत नाही, की मधले सगळे एकेक करून उडतायत. पक्ष उडाला, मुख्यमंत्री दिल्लीहून नेमले जाऊ लागले. एप्रिल १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तीन वरिष्ठ जज्जांच्या डोक्यावरून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. कारण? आदल्याच दिवशी केशवानंद भारतीच्या निकालात कोर्टाने सांगितलं होतं, की घटनेचा मूळ गाभा तुम्हाला मोडता येणार नाही. आपल्या वस्तीत तेव्हा कोण बोललं? जज्ज म्हणजे बामणाचं नाहीतर बड्या घरचं पोर, त्याची बढती हुकली तर आपलं काय जातं!

मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा संप झाला. देशभरातले लाखो कामगार उतरले. हजारो आत टाकले, क्वार्टरातून बायकापोरं बाहेर काढली, वीस दिवसात संप मोडला. ही आणीबाणीची रंगीत तालीम होती. तेव्हाही आपण म्हणालो, कायम नोकरीवाल्यांचा संप, त्यांचं ते बघतील.

मग १२ जून १९७५. अलाहाबाद हायकोर्टाच्या जगमोहनलाल सिन्हांनी बाईंची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. सरकारी नोकर आणि सरकारी यंत्रणा प्रचाराला वापरली, एवढाच गुन्हा. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली. मंत्रिमंडळाला सकाळी कळवलं. रात्री दिल्लीत पेपरांच्या छापखान्यांची वीज तोडली. ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेरच नेऊन ठेवली. म्हणजे भारतात कायद्यासमोर सगळे सारखे, एक बाई सोडून. तिकडे काँग्रेसचा अध्यक्ष बारुआ म्हणाला, इंदिरा म्हणजेच इंडिया. माणसाचा देश झाला की त्या माणसाविरुद्ध बोलणारा देशद्रोही होतो. हे गणित सोपं आहे, आजही कुणीही सोडवू शकतं.

आता आपल्याकडे येतो.

१ जुलै १९७५ला वीस कलमी कार्यक्रम आला. भूमिहीनाला जमीन, बेघराला जागा, गरिबाच्या कर्जवसुलीला स्थगिती, वेठबिगारी बंद. वेठबिगारीचा वटहुकूम खरोखरच ऑक्टोबरात निघाला. आपल्या माणसाने हे ऐकल्यावर त्याला काय वाटलं असेल? हजार वर्षं जे कुणी बोललं नाही ते रेडिओवर पंतप्रधान बोलते आहे. त्याच्या डोळ्यात पाणी आलं असेल तर मी त्याला हसणार नाही. पण वटहुकुमाची भानगड समजून घ्या. वेठबिगार सोडवायचा कुणी? तहसीलदाराने. तहसीलदार सोडवत नसेल तर? मोर्चा काढायचा. मोर्चाला बंदी. पेपरात छापायचं. पेपरावर सेन्सॉर. संघटना करायची. पुढारी मिसाखाली आत. कोर्टात जायचं. थांबा, कोर्टाचं मी पुढे सांगतो. म्हणजे कागदावर तुला सगळं दिलं आणि ते मागायची जीभ तेवढी कापून घेतली. पाटलाचं दान आणि यात फरक काय? पाटीलपण सणाला भाकरी द्यायचा. भाकरी का कमी म्हणून विचारलं तर जोडा.

लोकसभेत आणीबाणीच्या मंजुरीचा ठराव मांडायला कुणाला उभं केलं? बाबू जगजीवनरामांना. शेकडो खासदारांच्या त्या पक्षात बाईंना नेमका आपला माणूस सापडला. रिपब्लिकन गटांतले बरेच आधीच काँग्रेसच्या दारात पथारी टाकून होते. आणि आपला नामदेव? ज्या ढसाळाने 'गोलपिठा' लिहून मराठी कवितेचं सोवळं फाडलं, त्याने आणीबाणीची पाठराखण केली. १९७६ साली बाईंवर 'प्रियदर्शिनी' नावाची दीर्घ कविता काढली. मी नामदेवच्या कविता बारदानावर बसून पाठ केल्यात. त्याच्या शब्दांनी मला माझी भाषा दिली, म्हणूनच हे मला लिहावं लागतं. त्याच्या अंगावर केसेस होत्या, हे खरं. चळवळ फुटली होती, हेही खरं. कम्युनिस्टांपैकी मोठा गट तेव्हा बाईंच्याच बाजूला होता, हेही सांगितलं जातं. असेल. पण शिवसेनेच्या बाळ ठाकऱ्यांनीही आणीबाणीला पाठिंबा दिला होता. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीत ज्यांच्याशी आपण डोकी फोडून घेतली, भागवत जाधव ज्या दंगलीच्या दिवसात मेला, तो पक्ष आणि आपला कवी दीड वर्षात एकाच रांगेत उभे राहिले. रांग कुणाची होती ते बघा म्हणजे झालं.

आणि त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, तुरुंगातून आजारी होऊन आलेल्या जयप्रकाशांसाठी सभेला उभं करून प्रार्थना करायला लावली कुणी? दुर्गा भागवतांनी. बामणाघरची, पुस्तकातली बाई. १९७६ मध्ये तिला अटक झाली. विद्रोहाचं कंत्राट आपल्याकडे होतं ना?

वरळीचं नाव निघालंच तर एक गोष्ट सांगतो. वरळीत पोलिसांनी आपल्याला तुडवलं तेव्हा आणीबाणी नव्हती. लोकशाहीच होती. म्हणून पोरं म्हणतात, लाठी तीच, मग फरक काय? फरक असा. त्याच महिन्यात मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला होता. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या. आपल्या मतांचा दणका दिल्लीपर्यंत ऐकू गेला. दंगलीची न्यायालयीन चौकशी बसवावी लागली. लाठी खाल्ली आणि लाठी मारणाऱ्याला मोजायला लावलं. दीड वर्षाने जी लाठी आली ती मोजायची सोय नव्हती.

ती कशी पडली ते मुंबईत राहून आपल्याला ठाऊक नसावं, ही शरमेची गोष्ट आहे. ४ जानेवारी १९७६ला मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणती झाली. फोटोपास निघाले. लोकांना वाटलं, चला, सरकारदरबारी नोंद झाली. मानखुर्दकडे जनता कॉलनी होती, सत्तरेक हजारांची. मुळात शहरातल्या झोपड्या उठवून सरकारनेच ती माणसं तिथं नेऊन टाकली होती. चिखलात. त्यांनी हातांनी भराव घातला, दुकानं टाकली, शाळा चालवल्या. शेजारी अणुसंशोधन केंद्र आलं आणि त्याला ती जागा हवी झाली. जोकिन अर्पुथम नावाचा सुतारकाम केलेला जवान तिथं लढत होता. आणीबाणीच्या आधी त्याने मोर्चे काढले, महापालिकेच्या दारात कचरा टाकला, कोर्ट गाठलं, दिल्ली गाठली आणि कॉलनी वर्षानुवर्षं टिकवली. आणीबाणीत ही सगळी दारं बंद झाली. अटकेमागून अटक. १७ मे १९७६ला पोलिसांच्या गराड्यात जनता कॉलनी भुईसपाट झाली. माणसं ट्रॉम्ब्याच्या खाडीकडेला, चीता कॅम्पात, पुन्हा चिखलात. पांढरपेशे तेव्हा सांगत होते की लोकल वेळेवर येतात. येत असतील. सत्तर हजार माणसं रुळाच्या आडवी आली नाहीत ना!

दिल्लीत तुर्कमान गेटला १९ एप्रिल १९७६ला बुलडोझरसमोर उभ्या राहिलेल्या लोकांवर गोळ्या घातल्या. आणि नसबंदी. मास्तरला आकडा, तलाठ्याला आकडा, मुकादमाला आकडा. इतक्या केसेस आण नाहीतर पगार बंद. तो आकडा पुरा करायला मास्तर कुणाच्या घरी जाणार? सावकाराच्या वाड्यावर? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांवर नसबंद्या झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी २६ लाख होत्या. शाह आयोगाने या शस्त्रक्रियांशी जोडलेले १७७४ मृत्यू नोंदवलेत. आपल्याकडे बार्शीत माणसं रस्त्यावरून उचलून ट्रकात घालून शिबिरात नेली. महाराष्ट्र सरकार तर एक पाऊल पुढे गेलं. तीन पोरं असतील तर सक्तीने नसबंदी, नाहीतर तुरुंग, असं विधेयक १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं. पुरोगामी महाराष्ट्राने! फुले, शाहू, आंबेडकर म्हणत म्हणत. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, एवढंच.

कामगारांचं थोडक्यात सांगतो. किमान बोनस ८.३३ टक्के होता, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार. सप्टेंबर १९७५च्या वटहुकुमाने तो ४ टक्क्यांवर आणला. गरिबी हटवायची होती ना? संप करता येत नव्हता. गरिबांचं सरकार होतं, गरिबांच्याच खिशात हात घातला. ८.३३ परत मिळाले ते १९७७ मध्ये, सरकार पडल्यावर.

आता कोर्टाचं. बाबासाहेबांनी घटना समितीत ९ डिसेंबर १९४८ला सांगितलं होतं, की माझ्या मते घटनेचा आत्मा कुठला, काळीज कुठलं, असं कुणी विचारलं तर मी एकाच कलमाकडे बोट दाखवीन. ३२वं कलम. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात दाद मागायचा हक्क. बाबांना ठाऊक होतं की हक्क कागदावर कुणीही लिहील. ज्याच्या हातात ना जमीन, ना जात, ना पोलीस, त्याला दाद मागायला दार पाहिजे. २७ जून १९७५च्या हुकमाने तेच दार बंद केलं. नऊ हायकोर्टांनी तरीही कैद्यांचे अर्ज ऐकायचं ठरवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी वकिलाला, म्हणजे ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, समजा एखाद्या पोलिसाने खाजगी दुश्मनीतून माणूस मारला, तरी कोर्टात दाद नाही? नाही, असं उत्तर मिळालं. आणीबाणी असेतो नाही. २८ एप्रिल १९७६ला पाच जज्जांपैकी चौघांनी हे मान्य केलं. त्या चौघात आपले मराठी यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे एच. आर. खन्ना उलट गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांचं सरन्यायाधीशपद काढून त्यांच्यापेक्षा ज्येष्ठतेने खाली असलेल्या बेग यांना दिलं गेलं. चौघांचा तो निकाल रीतसर मोडायला २०१७ साल उजाडलं. मोडणाऱ्या जज्जांत चंद्रचुडांचाच मुलगा होता.

दुश्मनीतून पोलिसाने मारलेला माणूस. हे उदाहरण खन्नांनी दिल्लीतल्या कोर्टात बसून दिलं. आपल्या गावात ते उदाहरण नसतं, त्याला नाव असतं, आडनाव असतं, त्याच्या घरापुढे पोलीस पाटलाचं घर असतं. संपादकाला आत टाकलं तर त्याची गोष्ट जगाला कळते. शाह आयोगाच्या हिशेबाने मिसा आणि डीआयआरखाली मिळून १,१०,८०६ माणसं आत होती. त्यातल्या किती जणांची पुस्तकं निघाली?

म्हणून विचारतो, आपलं काय गेलं? सगळ्यात आधी आपलंच गेलं. ज्याच्याकडे वाडा आहे त्याला कायदा नसला तरी वाडा आहे. आपल्याकडे कायद्याशिवाय दुसरं होतं काय? २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबा हेच सांगत होते. धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्ष देत असेल, राजकारणातली भक्ती थेट हुकूमशाहीत नेऊन सोडते. कितीही थोर माणूस असू दे, त्याच्या पायावर आपलं स्वातंत्र्य वाहू नका. हे भाषण आपण जयंतीला लावतो. डीजे बंद झाल्यावर, मंडप सोडताना.

जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या सरकारने २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' जाहीर केला. वा! ज्या संघाचे सरसंघचालक देवरस येरवड्यातून त्याच बाईंना पत्रं लिहीत होते, निवडणुकीचा खटला जिंकल्याबद्दल अभिनंदन करत होते, आमच्यावरची बंदी उठवा म्हणत होते, त्यांची पिलावळ आपल्याला हत्येचं सुतक शिकवणार. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२०ला, बाबांच्या जयंतीला, तुरुंगाच्या वाटेला लागले. खटला चालला नाही आणि अडीच वर्षं गेली. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ला कोठडीतच मेले, जामिनाचा अर्ज पडून. त्याला मिसा म्हणत नाहीत, यूएपीए म्हणतात. बुलडोझर तर आता निवडणूक प्रचाराला मिरवतात. नोटिशीशिवाय घर पाडू नका, हे सांगायला नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला. तो लिहिला भूषण गवईंनी, आपल्या अमरावतीच्या. पुढच्या वर्षी सरन्यायाधीश असताना भर कोर्टात त्यांच्या दिशेने जोडा फेकायला एक वकील धजावला. आता आणीबाणी पुकारायची गरजच नाही. सह्या कशाला करायच्या, रात्री जागायचं कशाला? दिवसाढवळ्या, मतं घेऊन, टाळ्या घेऊन होतं सगळं. आणि ज्या काँग्रेसवाल्यांना आज संविधानाचं खिशातलं पुस्तक हातात धरावंसं वाटतं, त्यांनी जनता कॉलनीच्या लोकांची माफी मागितल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. रायबरेलीत बाई पडल्या. नसबंदीने, बुलडोझरने पोळलेल्या उत्तर भारताने काँग्रेस धुऊन काढली. अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं त्यांनी. पण जनता राज्य आलं म्हणून आपल्याला स्वर्ग मिळाला असं कुणी सांगायला लागला तर त्याचं तोंड तिथंच धरा. मे १९७७ मध्ये बिहारात बेलछीला आपली माणसं जिवंत जाळली. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपल्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळेला मारलं. लोकशाहीतच मारलं, पुरोगामी सरकार असताना मारलं.

पण मग काय झालं? १९७९ला लाँग मार्च निघाला. जेलभरो झाले, पुन्हा झाले. कविता छापल्या, पत्रकं वाटली, लाठ्या खाल्ल्या, जामीन घेतले, पुन्हा रस्त्यावर आले. मुख्यमंत्री बदलत गेले, पोरं थकली नाहीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेने स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. अर्धामुर्धा झाला, मराठवाडा शब्द राहिला, ते दुखणं वेगळं. पण सोळा वर्षं लढता आलं. हंटरवाल्याच्या राज्यात सोळा दिवस लढून दाखवा.

आमच्या टोळीतला एक जण परवा म्हणाला, तू कवी आहेस, तुला बोलायला पाहिजे म्हणून तुला लोकशाही पाहिजे, मला हजेरी पाहिजे. मी त्याला विचारलं, तीन महिन्यांमागे ठेकेदाराने तुझे खाडे नसताना पैसे कापले तेव्हा तू काय केलंस? म्हणाला, चौदा जण मिळून कचेरीत गेलो, आरडाओरडा केला, अर्धे मिळाले. मी म्हटलं, त्या चौदा जणांना काय म्हणतात? तो बिडी विझवून कामाला गेला. अजून पटलेलं नाही त्याला. रोज भांडतो माझ्याशी.

जनता कॉलनीतून चीता कॅम्पला गेलेली म्हातारी माणसं अजून आहेत. कुणाकडे १९७६चा फोटोपास ट्रंकेत असेल. वही घेऊन जा, त्यांच्यापुढे जमिनीवर बसा, ती सांगतील तसंच्या तसं उतरवून आणा, शुद्धलेखन बघू नका. संपादकाला सांगून पुढच्या अंकाची आठ पानं राखून ठेवलीत.